मातीच्या मैदानावरचा जिंकणारा संघ

बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा फिबाने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, १९८४ साली आणली. त्याआधी बास्केट कुठूनही टाका, गुण दोनच. म्हणून अमळनेरला आमच्या शाळेने जिल्हा स्पर्धा मारली त्या वर्षी लांबून फेकणाऱ्या हौशी पोरांना मी बाकावर बसवायचो. शालेय संघ बांधायचा तर आजही रिंगखालच्या ले-अपपासूनच, म्हणजे धावत येऊन उडी मारत जवळून चेंडू टाकण्यापासूनच, सुरुवात करा. डाव्या हातानेसुद्धा.

पण आधी मैदान. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, टप्पा कुठेही जातो. वर मुरूम पसरा, संध्याकाळी पाणी मारा, पहाटे रोलर फिरवा. मग फक्कीने २८ बाय १५ मीटर आखा. मुरूम चढला की रिंगची उंची पुन्हा मोजा, ३.०५ मीटर भरायला हवी. हे हमखास राहून जातं.

फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक, सरावात पोरं दमल्यावरच घ्यायचे. ताज्या दमात कोणीही टाकतो! पळवा, धाप लागली की रेषेवर उभं करा. गुडघे वाकलेले, कोपर आत, चेंडू सुटताना मनगट पुढे मोडलेलं.

खाऊ म्हणून केळी, गूळ-शेंगदाणे. जळगाव जिल्ह्यात राहून पावडरीचे डबे कशाला?

उंच पोरगा नसेल तर पूर्ण मैदानभर दाबून बचाव शिकवा.