पावकी-दिडकीच्या आधाराने तोंडी हिशेब

जुन्या शाळांमध्ये पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही पाठ करून घेत असत. ती कोष्टके आज घोकण्याची गरज नाही. त्यांच्यामागची रीत मात्र अंगवळणी पाडावी, कारण तोंडी हिशेबातले बरेचसे काम तिच्यावर भागते. पाव म्हणजे दोनदा निम्मे. पाऊणसाठी मूळ संख्येतून पाव वजा करावा, सव्वासाठी तो मिळवावा, दीडसाठी निम्मे मिळवावे, अडीचसाठी ते दुपटीत आणि औटासाठी, म्हणजे साडेतीनसाठी, तिपटीत मिळवावे.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत या रितीचा सराव उत्तम होतो. समजा, 72 रुपये किलोची वांगी पाऊण किलो घेतली, तर 72 चे निम्मे 36, त्याचे निम्मे 18, आणि 72 मधून 18 गेले की 54 उरतात. 34 रुपये दराने अडीच किलो कांदे म्हणजे 68 आणि 17, एकूण 85. तर 48 रुपये दराने सव्वा किलो टोमॅटो म्हणजे 48 आणि 12, एकूण 60.

या रकमा डावीकडून मिळवाव्यात. येथे मराठी थोडी आडवी येते, कारण ‘पंच्याऐंशी’ म्हणताना पाच आधी आणि ऐंशी नंतर येतात. म्हणून मनात दशक आधी धरावा: 54 आणि 80 मिळून 134, त्यात 5 म्हणजे 139, त्यात 60 म्हणजे 199. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असे संख्यावाचन आणले, तेव्हा मोठा वाद झाला. बोलताना ते मलाही रुचत नाही, परंतु मनातल्या बेरजेला तीच वाट सोयीची पडते. उलट ‘एकोणपन्नास’ हा शब्द स्वतःच युक्ती सांगतो: 49 ची सहापट हवी असल्यास 300 मधून 6 वजा करावेत, उत्तर 294.

हीच रीत मोठ्या गुणाकारांनाही लागू पडते, कारण 25 हा शंभराचा पाव, 75 म्हणजे पाऊणशे आणि 125 म्हणजे सव्वाशे. त्यामुळे 36 ला 25 ने गुणताना 36 चा पाव, म्हणजे 9, काढून पुढे दोन शून्ये द्यावीत: 900. तसेच 75 ने 2700 आणि 125 ने 4500. पंधराने गुणायचे असल्यास दीडपट करून एक शून्य द्यावे. 48 चे 72, म्हणून 720.

मंडईत पाचशेची नोट दिली असेल, तर सुट्ट्यांसाठी वजाबाकी करू नये, 199 पासून वर चढत जावे: एका रुपयाने 200, पुढे 300 ने 500, म्हणून 301 परत यायला हवेत.