ड्रमचा आवाज स्वच्छ आणि दणदणीत कसा मिळवावा

स्टुडिओत ड्रमचा आवाज मलूल आला की बहुतेकांचा हात आधी ईक्यूकडे (ठरावीक सूरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाकडे) जातो. पण ठोक्यातला जोर मुळात वाद्याच्या ट्युनिंगमधून, वादकाच्या हातातून आणि माइक कुठे लावले आहेत त्यातून येतो. तिथे जे हरवले ते पुढे कोणत्याही प्लगइनने (संगणकातल्या आवाज-सुधारक प्रोग्रॅमने) पुरते भरून निघत नाही.

म्हणून शक्य असल्यास नवी हेड (ड्रमवरची ताणलेली पडदी) चढवावीत, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत आणि कडेपासून दोन बोटे आत, प्रत्येक बोल्टपाशी काडीने हलकेच वाजवून सगळीकडे एकच सूर येतो ना, हे ऐकावे. स्नेअर (खाली तारा असलेला कडक आवाजाचा ड्रम) फार घुमत असेल तर कडेला घुमणे कमी करणाऱ्या चिकट जेलचा एक छोटा तुकडा पुरतो. किकमधली (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममधली) उशी बीटरच्या, म्हणजे पेडलचा ठोका पडतो त्या बाजूच्या, हेडला जेमतेम टेकावी.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो फेजला, म्हणजे वेगवेगळ्या माइकांत येणाऱ्या ध्वनिलहरी एकमेकींशी जुळतात की नाही याला. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन ओव्हरहेडपैकी (ड्रमसेटच्या वर टांगलेल्या माइकांपैकी) एक स्नेअरपासून दुसऱ्यापेक्षा तेवढा जास्त दूर राहिला, तर दोन्ही सारख्या पातळीवर मिसळताना ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना मारतो आणि स्नेअर पोकळ वाटू लागते. त्यासाठी सुतळीचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरून दोन्ही माइकांचे अंतर मोजून सारखे करावे. साधा उपाय आहे, पण माझ्या मते महागड्या माइकपेक्षा मोलाचा. स्नेअरच्या खाली माइक लावला असेल तर त्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहावी, आणि वरच्या माइकसोबत ज्या स्थितीत आवाज भरीव लागेल ती ठेवावी. हा निर्णय दोन्ही माइक मोनोत (एकाच चॅनेलमध्ये) एकत्र ऐकूनच घ्यावा.

स्नेअरवर शुअर एसएम ५७ हा माइक रिमच्या (ड्रमच्या कडेच्या) किंचित वर, मध्याकडे रोखून आणि हाय-हॅटकडे पाठ करून लावावा. किकचा माइक बीटरजवळ नेल्यास ठोक्याचे टोक (सुरुवातीचा टणकपणा) उठून येते, तर पुढच्या हेडच्या भोकाशी ठेवल्यास खर्ज वाढतो. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये पीक (सर्वांत मोठ्या ठोक्यांची पातळी) −१० डीबीच्या आसपास ठेवावेत.

मिक्समध्ये किकचा ३०० ते ४०० हर्ट्झचा गढूळपणा थोडा उतरवावा. कंप्रेसरचा (मोठे आवाज दाबणाऱ्या साधनाचा) अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, २० ते ३० मिलिसेकंद ठेवला तर ठोक्याचे टोक सुटून बाहेर येते. फार जलद अटॅक नेमके तेच गिळतो. गेट (ठोक्यांमधला हलका आवाज दाबणारे साधन) पूर्ण बंद होऊ न देता आवाज १० ते १५ डीबीच खाली आणावा, नाहीतर स्नेअरवरचे हळुवार घोस्ट नोट (मुख्य ठोक्यांमधले अगदी हलके ठोके) कापले जातात.