पुणे ते जुहू, धुक्यातली सकाळ: हेलिकॉप्टर उडवण्याआधीची तयारी

सकाळी सातला पुण्याहून मुंबईतल्या जुहू विमानतळावर हेलिकॉप्टरने निघायचे असेल, तर तयारी आदल्या संध्याकाळी सुरू करा. ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत तर नक्कीच. दुपारी पाऊस होऊन गेला, रात्री आभाळ निवळले आणि वारा पडला, की पौड-मुळशीकडच्या खोलगट भागात पहाटे धुके बसते. लोहगावच्या, म्हणजे पुणे विमानतळाच्या, मेटारमध्ये (हवामानाच्या ताज्या नोंदीत) तापमान आणि दवबिंदू यांच्यातला फरक तासातासाने बघत राहा. तो दोन अंशांवर आला आणि वारा नसला, तर सातची वेळ विसरा. टाफमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अंदाजात, एफजी म्हणजे धुके, दृश्यमानता १००० मीटरच्या आत. बीआर म्हणजे विरळ धुके, त्याहून जरा बरे, पण ५ किलोमीटरपेक्षा जास्त नाहीच. व्हीएफआरची, म्हणजे बाहेर बघून उडण्याच्या नियमांची, नेहमीची अट ५ किलोमीटर दृश्यमानतेची आहे, शिवाय ढगापासून आडवे १५०० मीटर आणि उभे ३०० मीटर अंतर. कमी उंचीवर हेलिकॉप्टरला काही सवलती मिळतात, पण त्यांच्या भरवशावर उड्डाण आखू नका.

त्याच संध्याकाळी प्रवाशांना फोन करून सांगा की सातचे साडेनऊ होऊ शकतात आणि गाडी तयार ठेवलेली बरी. हा फोन मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. रोटर फिरत असताना, मागे माणसे घड्याळ बघत बसलेली असताना ‘नाही’ म्हणणे फार जड जाते. रात्री म्हटलेले असले की सकाळी ते फक्त पुन्हा सांगायचे असते.

उंचीचा हिशेब कागदावर करा. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १९४० फुटांवर आहे. तिथला ढगाचा तळ १००० फूट दिला असेल, तर तो समुद्रसपाटीपासून २९४० फुटांवर आला. लोहगडाचा माथा सुमारे ३३९० फूट, विसापूरचा ३५५० च्या आसपास. म्हणजे विमानतळावर वर बऱ्यापैकी मोकळे दिसत असताना वाटेतले दोन्ही किल्ले ढगात असतात. त्यापुढे घाटमाथा संपतो, जमीन एकदम खाली जाते आणि कोकणातून वर चढणारी दमट हवा नेमकी त्या कडेला ढग धरून ठेवते. जुहू स्वच्छ, पुणे स्वच्छ आणि खंडाळा बंद, हे वारंवार घडते. दोन टोकांचे मेटार वाचून थांबू नका. लोणावळ्यात कुणी ओळखीचे असेल, तर समोरचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो का, एवढेच विचारा.

हेलिपॅडचेही तसेच. लोहगावचा आकडा लोहगावचा असतो, बावधनच्या टेकड्यांमधल्या मैदानाचा नव्हे. पॅडवर उभे राहून ठरलेल्या खुणा बघा: अमुक इमारत, तमुक टेकडी, उच्चदाबाच्या तारांचा मनोरा. प्रत्येक खुणेचे अंतर आधी नकाशावर मोजून ठेवलेले हवे. खूण दिसत नसेल, तर तेवढी दृश्यमानता नाही, वाद संपला. सूर्य वर आल्यावर लगेच सुटेल असे धरून चालू नका. उगवत्या उन्हाने हवा ढवळली की धुके थोडा वेळ आणखी दाटते. २ ऑक्टोबर २०२४ ला बावधनजवळ जुहूला निघालेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले. दोन वैमानिक आणि एक अभियंता गेले. त्या सकाळी परिसरात दाट धुके होते. या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने ती तारीख लक्षात ठेवावी.

एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे क्रमांक, वजनाचा तक्ता, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, ही कामे रोजचीच. इंधन मात्र जुहूजवळून मागे फिरून पुण्याला येता येईल इतके घ्या, वर नियमाची किमान २० मिनिटे वेगळी. काच आतून-बाहेरून पुसा, काचेवरची वाफ घालवणारा डिमिस्टर चालतो का बघा. मशीन किती कलले ते दाखवणारे आर्टिफिशियल होरायझन स्थिर व्हायला वेळ द्या. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या रेडिओ अल्टिमीटरचा इशारा लावा.

आता मागे फिरण्याचा मुद्दा. तो हवेत ठरवायचा नसतो. क्रूझच्या, म्हणजे प्रवासातल्या नेहमीच्या, वेगापेक्षा ३० नॉट (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) कमी करावे लागले, किंवा ठरवलेल्या किमान उंचीखाली उतरावेसे वाटले, की वळायचे नाहीतर मोकळ्या शेतात उतरायचे. दोघे वैमानिक असाल तर हे आकडे एकमेकांना मोठ्याने सांगा, आणि कुणीही ‘वळू या’ म्हटले की दुसऱ्याने कारण न विचारता वळायचे, असे ठरवा. वेग हळूहळू कमी होतो, उंची हळूहळू जाते आणि दर वेळी ‘अजून थोडे’ पटते, म्हणून आकडा लागतो.

त्यातूनही ढगात शिरलात तर काय करायचे, तेही जमिनीवर बोलून घ्या. मशीन समतल, दिशा कायम, चढायची पॉवर, चढायचा वेग, आणि मग रेडिओ. सुरक्षित उंची गाठेपर्यंत वळायचे नाही, अर्थात समोर डोंगर नसेल तर. बाहेरचा लखलखणारा दिवा, स्ट्रोब, बंद करा, धुक्यात त्याचा उजेड डोळ्यांवर उलटतो. कानातला तोल सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या हेलिकॉप्टर सेफ्टी टीमने असे जीवघेणे अपघात तपासले, तेव्हा ढगात शिरण्यापासून ताबा सुटेपर्यंत सरासरी ५६ सेकंद निघाले. २६ जानेवारी २०२० ला कॅलिफोर्नियात कॅलाबाससजवळ नऊ जण गेले, त्यांत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट होता. वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे फक्त उपकरणांवर उडवण्याची पात्रता, होते, वाटेत स्पेशल व्हीएफआरची, म्हणजे नेहमीपेक्षा कमी दृश्यमानतेत उडण्याची, मंजुरीही मिळाली होती. आपण ४००० फुटांवर चढतो आहोत असे तो नियंत्रकाला सांगत होता, तेव्हा हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली जात होते. मंजुरीने धुके पातळ होत नाही, आणि रेटिंग असले तरी सराव ताजा लागतो. तुमचा शेवटचा सिम्युलेटर सराव कधी झाला, तेही याच यादीत लिहा.

शेतात उतरावे लागले तर इंजिन बंद करून, रोटर थांबेपर्यंत गर्दी लांब ठेवा. ती पाच मिनिटांत जमते. मग एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) फोन करून सुखरूप उतरल्याचे कळवा आणि फ्लाइट प्लॅन बंद करून घ्या, नाहीतर तुमचा शोध सुरू होईल. तो नंबर फोनमध्ये आहे का, हे निघण्याआधी बघा.