इंदूरच्या लॅपटॉपवर आर्मसाठी क्रॉस-कंपायलर

एक्स८६ (इंटेल-एएमडी) लॅपटॉपवर बसून ६४-बिट आर्म प्रोसेसरच्या लिनक्ससाठी प्रोग्राम बनवणारा कंपायलर म्हणजे क्रॉस-कंपायलर. त्यासाठी जीसीसी हा कंपायलर बांधायचा तर क्रम ठरलेला आहे: बायनयुटिल्स (असेम्बलर, लिंकर वगैरे), कर्नल हेडर्स (लिनक्सच्या गाभ्याशी बोलण्यासाठीच्या व्याख्या), फक्त सी भाषेपुरता जीसीसी आणि लिबजीसीसी (त्याची मदतनीस लायब्ररी), जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी), मग पूर्ण जीसीसी. बिल्डचं फोल्डर सोर्सबाहेर ठेवा.

लोक अडकतात ते नावांत. जीसीसीच्या टार्गेटमध्ये (ज्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा त्याचं नाव) 'एआर्च६४', पण त्याच प्रोसेसरसाठी कर्नलला 'आर्म६४'च लागतं. जीलिबसी मात्र आर्मवरच चालणार, म्हणून तिथे 'होस्ट' या पर्यायात आर्मचं नाव द्या. नाहीतर मुकाट्याने एक्स८६ची लायब्ररी तयार होते.

रॅम ८ जीबी असेल तर समांतर जॉब ४च ठेवा. प्रोसेस मध्येच 'किल्ड' झाली, तर बहुधा मेमरी संपलेली असते. इंदुरात मे महिन्यात हे काम रात्री लावलेलं बरं. तापलेला प्रोसेसर वेग कमी करतो.

पॅकेज करताना 'डेस्टडिर' वापरून वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. सिसरूट (आर्मची हेडर्स आणि लायब्रऱ्या ठेवायचं फोल्डर) प्रिफिक्सच्या, म्हणजे कंपायलरच्या इन्स्टॉल फोल्डरच्या, आतच हवा, म्हणजे फोल्डरचं पूर्ण झाड दुसरीकडे हलवलं तरी हेडर्स सापडतात. आर्म लायब्रऱ्यांना आर्मचीच स्ट्रिप (फाइलमधली डीबग माहिती काढणारी आज्ञा) लावा. डेबियन पॅकेजचं आर्किटेक्चर 'एएमडी६४' (६४-बिट एक्स८६चं डेबियनमधलं नाव) लिहा, कारण कंपायलर स्वतः एक्स८६वर चालतो. शेवटी छोटा सी प्रोग्राम क्यूएमूवर (आर्म प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम), सिसरूटचा पत्ता देऊन, चालवून बघा.