ही उपमा नक्की कुणाची? गोष्टीत वर्णन आणि अलंकार कसे वापरायचे

माझ्या पहिल्या गोष्टीच्या पहिल्याच पॅराग्राफमध्ये चंद्रासारखा चेहरा होता, कमळासारखे डोळे होते आणि वर एक मखमली संध्याकाळ पण होती. एका मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली, सगळं छान आहे गं, पण ही बाई दिसते कशी? तेव्हा राग आला, मग रात्री बसून विचार केला तर मलाच माहीत नव्हतं ती कशी दिसते. मी कुणाला बघितलंच नव्हतं, नुसते गोड गोड शब्द आणून मांडले होते.

त्यानंतर चुकत-माकत जे कळलं ते इथे लिहितेय. व्याकरणाच्या पुस्तकात अलंकार म्हणजे व्याख्या, उदाहरण, मार्क असा मामला असतो, त्यामुळे गोष्ट लिहिताना ते एकतर आठवतच नाहीत किंवा मग सगळेच एकदम आठवतात. आणि मोह तरी किती, भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार फक्त 4 आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक, पुढच्या शास्त्रकारांनी ती यादी वाढवत वाढवत शंभराच्या वर नेली. गोष्ट लिहायला एवढे लागत नाहीत.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे पहिला ड्राफ्ट उपमेशिवाय लिहायचा. "सारखा", "जसा", "जणू" हे शब्द पूर्ण बंद. जे आहे ते आहे तसं लिहायचं, यालाही आपल्याकडे नाव आहे, स्वभावोक्ती, आणि माझ्या मते गद्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा अलंकार हाच. गंमत म्हणजे यावरून जुन्या काळीच भांडण होतं. दंडी आणि भामह हे दोघे जुने संस्कृत काव्यशास्त्रकार, त्यातल्या दंडीने स्वभावोक्तीला आद्य अलंकार म्हटलंय, आणि भामह म्हणतो की सूर्य मावळला, चंद्र उगवला, पक्षी घरट्याकडे निघाले, हे काय काव्य झालं, ही तर नुसती वार्ता. मला दोघांचंही पटतं! कारण "खोली जुनी होती" ही खरंच बातमी आहे. पण "खिडकीची कडी गंजली होती, ती काढायला त्याने रुमाल गुंडाळला, तरी बोटाला तांबडा डाग लागलाच" यात एकही उपमा नसून खोली दिसते, आणि तो माणूस पण थोडा दिसतो. फरक शब्दांच्या सुंदरपणाचा नाहीये, निवडीचा आहे. दहा गोष्टी दिसत असतील तर त्यातली जी फक्त याच खोलीत असेल ती घ्यायची आणि बाकी नऊ सोडायच्या. सोडताना जीवावर येतं, माहितेय.

दुसरं, विशेषणांच्या मागे लागण्याआधी क्रियापद बघा. "तो हळूहळू चालत आला" यात तीन शब्द खर्च करून काहीच कळत नाही. तो पाय ओढत आला का, दबकत आला, रेंगाळत आला, की डुलत डुलत आला? प्रत्येकात माणूसच बदलतो.

इथे मराठीचं मला फार कौतुक वाटतं, कारण आपल्याकडे शरीराला जाणवणाऱ्या गोष्टींसाठी इतके नेमके शब्द आहेत की उपमेची गरजच पडत नाही. दुखणं घ्या. दात ठणकतो, खरचटलेलं चुरचुरतं, गळू ठसठसतं, पोटात कळ येते, डोकं भणभणतं, पायाला मुंग्या येतात आणि रुतलेला काटा सलतो. आता कुणी "त्याला खूप वेदना होत होत्या" लिहिलं तर वाचणाऱ्याचं अंग ढिम्म हलत नाही, पण "अंगठा ठसठसत होता" म्हटलं की आपला हात आपोआप अंगठ्याकडे जातो. वासाचं पण तेच, दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा, दर्प वेगळा, कुबट कपडे, कोंदट खोली, खवट तेल, यातला एक शब्द बरोबर बसला की पुढचं अर्धं वर्णन वाचतं (म्हणजे खर्च वाचतो त्या अर्थाने). आणि चुळबुळ, कुजबुज, लुकलुक, झिणझिण्या हे जे आवाजाचे शब्द म्हणून आपण शिकतो ते बघा, चुळबुळीला कुठे आवाज असतो, लुकलुकणं तर चक्क उजेडाचं आहे. भाषेनेच आधी करून ठेवलेलं काम आहे हे, फुकट मिळतंय तर वापरा.

फक्त एक सांभाळा. "तिचं बोलणं त्याला काट्यासारखं सलत होतं" असं वाक्य आपण सहज लिहितो, पण सलणं म्हणजेच आत रुतलेल्या काट्याचं दुखणं, काटा तिथे आधीच आहे, तुम्ही दुसरा घालताय. नुसतं "तिचं बोलणं सलत होतं" बास.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. शाळेत आपण उपमेचे भाग शिकतो, उपमेय म्हणजे ज्याचं वर्णन करायचं ते, उपमान म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते, मग दोघांतला सारखेपणा, आणि "सारखा" वगैरे जोडणारा शब्द. कवितेत एवढं चालतं, पण गोष्टीत पाचवी गोष्ट असते ती कुणी सांगत नाही, ती म्हणजे बघणारा. ही तुलना कुणाच्या डोक्यात आली? गोष्टीत उपमेयाबद्दल जेवढं कळतं त्याच्यापेक्षा जास्त बघणाऱ्याबद्दल कळतं, निदान कळायला पाहिजे.

समजा एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत झोपलेत. त्यांच्याकडे बघणारा शिंपी असेल तर त्याला त्यांच्या गळ्याची कातडी मापापेक्षा जास्त सोडलेल्या कापडासारखी वाटेल. गवंड्याला वाटेल भिंत एका बाजूला कलतेय, टेकू दिला पाहिजे. लहान नातीला वाटेल की कुणीतरी आजोबांचं बटण बंद केलंय. म्हातारा तोच, खुर्ची तीच, पण तीन वेगळ्या गोष्टी सुरू झाल्या. गवंड्याच्या उपमेत तर त्याची काळजी पण आली, त्याने टेकू द्यायचं मनात आणलं, "त्याला त्यांची काळजी वाटली" असं लिहायची गरजच उरली नाही. म्हणून उपमान शोधताना "हे कशासारखं दिसतं" असं विचारू नका, "या माणसाला हे बघून काय आठवेल" असं विचारा. त्याने आयुष्यभर काय हाताळलंय, कशाला घाबरतो, आज सकाळी घरातून निघताना काय झालं होतं, तिथून उपमान काढा. ज्याने कधी समुद्र बघितला नाही त्याच्या मनात दुःखाचा सागर कुठून येणार?

हे एकदा डोक्यात बसलं की परीक्षेसाठी पाठ केलेले ते सगळे अलंकार अचानक कामाला लागतात. एक पोरगं रात्री अंथरुणात पडलंय आणि समोर खुर्चीवर ब्लँकेट टाकलेलं आहे. सुरुवातीला, ब्लँकेट अस्वलासारखं दिसत होतं. ही उपमा, पोराला अजून माहितेय की ते ब्लँकेट आहे. थोड्या वेळाने, जणू अस्वलच बसलंय तिथे, ही उत्प्रेक्षा, खात्री जरा हलली. मग, ते ब्लँकेट होतं का अस्वल? हा ससंदेह. मग, ब्लँकेट कसलं, अस्वलच ते, ही अपन्हुती. आणि शेवटी, अस्वलाने मान वळवली. इथे भ्रांतिमान, आता ब्लँकेट गेलं, खोलीत फक्त अस्वल उरलं. पाच अलंकार झाले, आणि भीती कुठेही "वाढत गेली" असं न लिहिता वाढली. व्याख्या पाठ करताना मला वाटायचं हे सगळे एकाच माळेचे मणी, कशाला एवढी नावं, पण फरक विश्वासाचा आहे, बघणारा आपल्या तुलनेवर किती विश्वास ठेवतोय याचा. शांत माणसाला उपमा द्या, भान हरपलेल्याला रूपक (म्हणजे "सारखं" न म्हणता सरळ एकाला दुसरंच म्हणणं) किंवा भ्रांती. उलटं केलं तर खोटं वाटतं, म्हणजे आग लागल्यावर पळणारा माणूस "ज्वाळा एखाद्या नर्तिकेप्रमाणे नाचत होत्या" असा विचार करत थांबत नाही, तो होरपळतो.

चेतनगुणोक्तीचं पण असंच. निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवणं सोपं आहे, म्हणून फार होतं, वारा रडतो, ढग रडतात, नायिका तर रडतच असते. जॉन रस्किन नावाच्या इंग्रज समीक्षकाने 1856 मध्ये या सवयीला नाव ठेवलं, दोन्ही अर्थांनी ठेवलं, की निसर्गाला उगाच आपल्या भावना चिकटवणं हा खोटेपणा आहे. पण त्याची तक्रार मुख्यतः हीच होती की भावना अनावर झाली की समोरचं खरं दिसत नाही, आणि गोष्टीतल्या पात्राचं नेमकं तेच व्हायला हवं असेल तर खुशाल वापरा. फक्त एकाच वस्तूला बोलतं करा, अख्खं घर नको. दार रुसलं असेल तर खिडकीला गप्प बसू दे.

झिजलेल्या वाक्प्रचारांना सगळे शिव्या घालतात, मी घालत नाही. पायाखालची जमीन सरकली, तोंडचं पाणी पळालं, काळजाचं पाणी झालं, हे एकेकाळी कुणीतरी केलेले जबरदस्त शोध असणार, आता नुसते वापरून गुळगुळीत झालेत. दोन रस्ते आहेत. एक तर वाक्प्रचार काढून त्याच्या जागी शरीराने काय केलं ते लिहा, जमीन सरकली ऐवजी "तो बसलेलाच होता, तरी त्याने टेबलाची कड धरली". नाहीतर त्याचा शब्दशः अर्थ घेऊन एक पाऊल पुढे जा, "तोंडचं पाणी पळालं ते परत आणायला दोन ग्लास लागले". हा दुसरा प्रकार विनोदी गोष्टीतच चालतो बरं का, मरणाच्या प्रसंगात करून बघितलाय, वाईट दिसतं.

अतिशयोक्ती बोलण्यात ठेवा, निवेदनात कमी, कारण माणसं बोलताना फुगवतातच आणि ते ऐकायला मजा येते. व्याजस्तुती, म्हणजे कौतुकाच्या आडून टोमणा, पण संवादातच शोभते, दोन तास उशिरा आलेल्याला "अरे वा, एवढ्यात आलास?" अनुप्रासाबद्दल, म्हणजे तेच तेच अक्षर परत परत येण्याबद्दल, एवढंच की मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळली किंवा बडबडगीत वाटलं तर शब्द बदला.

दुसऱ्या ड्राफ्टला मी प्रिंट काढते आणि प्रत्येक उपमेखाली रेघ मारते. एका पानावर दोनपेक्षा जास्त रेघा दिसल्या तर सगळ्यात लाडकी कोणती ते बघते आणि शंका आधी तिच्यावरच घेते. एकाच वाक्यातली दोन रूपकं एकमेकांना ओळखतात का तेही बघावं लागतं, "दुःखाच्या सागरात बुडालेल्या तिच्या मनाला आशेचा अंकुर फुटला" हे माझंच वाक्य आहे, सागराच्या तळाशी मी अंकुर लावला होता. मग प्रसंग कुठे वळतो ते शोधायचं, म्हणजे पात्राला काहीतरी कळतं, ते हरतं किंवा खोटं बोलतं, आणि वाचवलेली एक उपमा तिथे ठेवायची. नुसतं जिना चढणं, दार उघडणं, फोन उचलणं याला साधं वाक्य पुरतं.

आणि उपमान आयत्या वेळी सापडत नाहीत, त्यामुळे दिसलं की लगेच टिपून ठेवा, कुठल्या गोष्टीत जाईल याचा विचार न करता. माझ्या फोनमध्ये अशी एक ओळ तीन वर्षं पडून आहे, "लिफ्टमध्ये सगळे मान वर करून आकडे बघत होते, जणू आता कुणाचातरी रिझल्ट लागणार आहे". हे वाटणारा माणूस कोण ते अजून मला सापडलेलं नाही, सापडला की लिहीन.