भिंतीवरची पेन्सिलची खूण
स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या की बायका तो हात पोटाशी धरून बसतात. घरातलेही म्हणतात, "राहू दे, उचलू नकोस." पण न हलवलेला खांदा आखडतो, आणि मग वेणी घालणं, पदर खांद्यावर टाकणं, फडताळातला डबा काढणं, सगळंच अडतं.

जखमेतलं पाणी बाहेर यायला लावलेली नळी निघाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. बोटं मुंगीसारखी वर चढवा, ताण जाणवेल तिथं थांबा, सावकाश श्वास घ्या, हळू खाली या. ताण चालेल, कळ नको. जिथं बोटं पोचली तिथं पेन्सिलनं खूण करा. आठवड्याभरानं ती खूण दोन बोटं जरी वर सरकली, तरी मनाला फार उभारी मिळते, हे मी जवळून पाहिलंय. रेडिएशन संपल्यावरही व्यायाम सोडू नका. आखडणं काही महिन्यांनीही येतं.

काखेतून कोपराकडं दोरीसारखं ताणलेलं लागलं तर घाबरू नका, फिजिओथेरपिस्टना दाखवा. बांगडी घट्ट व्हायला लागली, हात जड वाटला तर दवाखान्यात जा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी.

आणि मनाचं. संध्याकाळी रंकाळ्यावर मैत्रिणीबरोबर एक फेरी मारा, रडू आलं तर येऊ द्या. झोप नाही, कशातच जीव रमत नाही असं दोन आठवडे चाललं तर तेही डॉक्टरांना खांद्याच्या दुखण्याइतकंच स्पष्ट सांगा.