गोव्याच्या पाण्यातल्या छोट्या होडीसाठी मुख्य शीड कसे निवडावे

नवे मुख्य शीड घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी कापडाची चौकशी करतात. गोव्यात होडी असेल तर आधी हे ठरवा की वारा वाढल्यावर शीड आखडायचे कसे. कापड, शिडाला आकार देण्यासाठी त्यात आडव्या घालायच्या काड्या, कप्प्या हे सगळे त्यानंतर.

याचे कारण इथला वारा. पावसाळा संपला की सकाळी घाटाकडून मतलई वारा येतो, उन्हे तापली की तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. मार्च-एप्रिलमध्ये हा खारा वारा १५ नॉटपर्यंत चढणे नवीन नाही. त्यात ओहोटी लागली असेल तर मांडवीच्या मुखाशी, आग्वाद आणि काबोच्या मधल्या पाण्यात वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० नॉटचे १४ झाले की भार जवळपास दुप्पट. सकाळी दोनापावलाहून हसतखेळत निघालेली होडी परतताना कलून चालते, सुकाणू जड होते, आणि त्या क्षणी दोन माणसांना दोन-तीन मिनिटांत शीड लहान करता आले पाहिजे. खाली जे सांगतो आहे ते साधारण २३ ते २७ फुटांच्या होडीसाठी आहे.

मापे आधी घ्या

पहाटे, वारा नसताना घ्या. शीड वर चढवणाऱ्या दोराला, म्हणजे हॅलयार्डला, पोलादी टेप बांधून तो टोकापर्यंत चढवा आणि खाली बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, डोलकाठीला जिथे जोडला आहे तिथपर्यंतची उंची वाचा. मग डोलकाठीपासून बूमच्या टोकाकडच्या काळ्या पट्टीपर्यंतचे अंतर घ्या. समजा उंची ८.६ मीटर आणि बूमवरचे माप ३ मीटर आले, तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ १२.९ चौरस मीटर. जुन्या शिडाची मापे पाठवून नवे शिवून घेऊ नका, कारण जुने कापड ताणलेले असते.

शीड ज्या खाचेत सरकते तिची रुंदी आणि त्यातल्या सरक्यांची जाडी व्हर्नियरने मोजा. मागचा ताणदोर, म्हणजे बॅकस्टे, किती दूर आहे तेही लिहून ठेवा. शिडाची मागची कड फार फुगीर शिवली तर दर वळणाला ती त्या तारेला घासते.

आता रीफ

शीड खालून दुमडून लहान करण्याच्या सोयीला रीफ म्हणतात. दोन रीफ हवेतच. वरच्या उदाहरणात पहिला रीफ सव्वा मीटर उंचीवर ठेवला तर सुमारे ९.४ चौरस मीटर शीड उरते, आणि दुसरा अडीच मीटरवर ठेवला तर ६.५, म्हणजे निम्मे. मे महिन्यात सह्याद्रीकडून वळवाचा काळा ढग उतरताना दिसला की हा दुसरा रीफच कामाला येतो. शिवणारे कधीकधी दोन्ही रीफ जवळजवळ देतात. दुसरा रीफ खोल हवा, हे मागणीपत्रात आकड्याने लिहा.

एक बारकावा बूमवर तपासायचा असतो. रीफचा दोर शिडाच्या मागच्या कडीतून खाली येऊन बूमला जिथे बांधतात, ती जागा कडीच्या नेमकी खाली नसावी, किंचित मागे असावी. तरच तो दोर कड खालीही ओढतो आणि मागेही. नेमकी खाली असेल तर शिडाचा तळ सैल राहतो, पोट फुगते आणि आखडलेल्या शिडानेही होडी कलतेच. मधल्या भोकांतल्या दोऱ्या फक्त लोंबणारे कापड आवरण्यासाठी असतात. त्या करकचून बांधल्या आणि मागचा दोर सैल पडला, तर शीड त्या भोकांपासूनच फाटते.

रीफ घेण्याचा क्रम पाठ करा: बूम आत-बाहेर करणारा मुख्य दोर आणि बूम खाली ओढणारा व्हँग सैल सोडा, हॅलयार्ड खुणेपर्यंत उतरवा, पुढची कडी आकड्यात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा ताणा, मग मागचा दोर ओढा आणि शेवटी मुख्य दोर आवळा. हॅलयार्डवरची खूण रंगीत दोऱ्याने शिवलेली असावी, कारण मार्करची खूण एका मोसमात पुसते.

डोलकाठीच्या पोटात गुंडाळले जाणारे शीड पाहायला फार सोयीचे वाटते. या आकाराच्या होडीला मी ते सुचवणार नाही. त्यात आडव्या काड्या घालता येत नाहीत म्हणून शीड लहान होते, आणि अर्धवट गुंडाळलेले असताना अडकले तर ते वाढत्या वाऱ्यात वर तसेच उभे राहते.

कापड आणि शिवण

साधे विणलेले पॉलिएस्टर, म्हणजे डॅक्रॉन, आडव्या पट्ट्यांत कापलेले पुरेसे आहे. वजन चौरस मीटरला २५० ते २८० ग्रॅमच्या आसपास. थर चिकटवलेले शर्यतीचे कापड आकार छान धरते, पण ऊन आणि घड्या त्याला लवकर मारतात. दिवाडीला बांधलेल्या म्हादेई आणि तारिणी या नौदलाच्या होड्यांनी जगाला प्रदक्षिणा घातल्या, त्याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. पण त्यांच्या शिडांचा हिशोब महासागराचा, आपला दुपारच्या फेरीचा.

नमुन्याचा तुकडा मागवा. तो मुठीत पंधरा-वीस वेळा चुरगाळा आणि मग तिरका, कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे ओढा. आधी कडक होता आणि आता रबरासारखा ताणला, तर तो कडकपणा राळेच्या लेपाचा होता, विणीचा नव्हता. ते कापड नको.

उन्हात कापडाआधी दोरा जातो. जोडांवर नागमोडी शिवणीच्या निदान दोन ओळी हव्यात, आणि दोरा अतिनील किरणांना टिकणारा हवा. त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. वापरलेले शीड घेत असाल तर शिवण नखाने खरवडून पाहा. दोरा तुटला तर पुन्हा शिवण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

डिसेंबर-जानेवारीत वारा मंद असतो पण समुद्राला डोल असतो, आणि शीड सारखे फडफडते. म्हणून वरच्या दोन काड्या पूर्ण लांबीच्या आणि खालच्या दोन आखूड, ही जोडी मला सर्वात पटते. काड्यांमुळे शीड आकारात राहते, आणि चारही लांब केल्या की खाचेत जो अडसर येतो तो येत नाही.

लोखंडी सामान आणि दोर

शॅकल, खिळे, आकडे ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचेच घ्या; ३०४ ला इथल्या खाऱ्या हवेत लवकर तांबूस डाग पडतात. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचा स्क्रू बसवताना मध्ये गंजरोधक लेप लावलाच पाहिजे, नाहीतर दोन धातू आणि खारे पाणी मिळून ॲल्युमिनियम खातात आणि त्याची पांढरी भुकटी स्क्रूभोवती दिसू लागते.

मुख्य दोर बूमच्या टोकाला असेल तर चार पदरी कप्प्या पुरतात. बूमच्या मध्यावर असेल तर सहा पदरी घ्या, तिथे तरफ आखूड पडते. हॅलयार्ड कमी ताणणारा, ८ मिलिमीटरचा घ्या. ताणणारा असेल तर झोत येताच शिडाचे पोट मागे सरकते आणि नेमक्या नको त्या वेळी होडी जास्त कलते. ट्रॅव्हलरवर, म्हणजे मुख्य दोराचे खालचे टोक आडवे सरकवणाऱ्या पट्टीवर, पैसे घालण्याआधी चांगला व्हँग घ्या.

समुद्रातून मांडवीत शिरताना वायव्येचा वारा पाठीशी येतो. तेव्हा जराशा चुकीने बूम झटक्यात दुसऱ्या बाजूला जातो आणि डोक्याला लागला तर जीवावर बेतते. बूमच्या टोकापासून नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, कप्पीतून कॉकपिटपर्यंत येणारा अटकाव दोर नव्या सामानाच्या यादीत असूच द्या.

शीड आल्यावर

पहिल्यांदा पहाटे, नांगरावर असतानाच चढवा. दोन्ही रीफ घेऊन पाहा, डोलकाठीला दोन्ही बाजूंना असलेल्या आडव्या काठ्यांची, म्हणजे स्प्रेडरची, टोके कापडाला कुठे टेकतात तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्या जागी चिकटपट्टीचे ठिगळ लावा. शिडाचे झाकण त्याच दिवशी वापरायला लागा. होडी चार तास चालते आणि वीस तास नांगरावर उभी असते, दिवसभराचे ऊन तिथेच लागते.

मेअखेर शीड उतरवा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, काड्या काढा आणि सैल गुंडाळी करून घरात, जमिनीपासून उंच ठेवा. केबिनमध्ये ठेवलेल्या शिडाला आषाढापर्यंत बुरशी धरते, आणि उंदरांना त्यात घर करायला आवडते.